डॉ. शिरोडकरांचा टाका

माझ्या धाकट्या भावाला आमच्या पंचवटीतल्या वाड्यात सगळे ‘टाक्याचा’ म्हणत. त्याच्याआधी आईला सातव्या महिन्यात एक मुलगा झाला होता. आजी सांगे, श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात आणि तो सारखा कण्हत असे. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आईच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला.

हा टाका ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आपले मराठी मुलखातले, हे मला फार उशिरा कळले. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. (खांडेकर मास्तरांचे शिरोडे ते वेगळे, वेंगुर्ल्याजवळचे.) मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ साली ते डॉक्टर झाले, १९३१ मध्ये विलायतेहून एफ. आर. सी. एस. होऊन आले आणि जे. जे. रुग्णालयात स्त्रीरोगांवर उपचार करू लागले.

त्यांच्याकडे काही बायका पुन्हा पुन्हा येत. चौथा-पाचवा महिना उलटला, की फारशा कळाही न येता गर्भ निसटून जाई. घरोघरी याचा दोष बाईच्या नशिबाला, नाहीतर पत्रिकेला. शिरोडकरांनी तो पिशवीच्या दुबळ्या तोंडाला दिला. वाढत्या गर्भाचा भार पडला की ते आपोआप उघडते, हे त्यांनी ओळखले. मग बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती त्या तोंडाभोवती नाडीसारखी आवळली. १९५५ साली ही पद्धत त्यांनी प्रसिद्ध केली, तीही मद्रासच्या एका नियतकालिकात! दोनच वर्षांत मॅकडोनाल्ड यांनी ऑस्ट्रेलियातून तिची सोपी रीत सांगितली. पुढे दोन्ही रूढ झाल्या.

अपुऱ्या दिवसांचे मूल का गुदमरते, हे मात्र तेव्हा नीट उलगडले नव्हते. १९५९ साली बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले, की अशा मुलांच्या फुप्फुसांत ‘सर्फॅक्टंट’ हा स्निग्ध पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो. त्यावाचून हवेचे इवले फुगे प्रत्येक श्वासानंतर मिटतात. कारण कळले, तरी औषध नव्हते. १९६३ मध्ये खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा याच विकाराने दोन दिवसांत गेला. आईला प्रसूतीआधी स्टेरॉइड देऊन मुलाची फुप्फुसे लवकर पिकवता येतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हावी यांनी १९७२ साली मांडले. फुप्फुसांत सर्फॅक्टंट सोडण्याचा जपानी डॉक्टर फुजिवारा यांचा यशस्वी प्रयोग १९८० चा.

शिरोडकर ७ मार्च १९७१ रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. फुप्फुसांवरचे औषध त्यांनी पाहिले नाही. ज्या बायकांचा दोष पिशवीच्या तोंडाचा होता, त्यांच्या मुलांना त्यांनी पोटातच आणखी काही आठवडे मिळवून दिले. अर्थात प्रत्येक अपुऱ्या बाळंतपणावर टाका हा इलाज नव्हे, पण आईला तो लागू पडला.

नववा महिना भरत आला तेव्हा डॉक्टरांनी तो कापला. भाऊ इतका मोठ्याने रडला, की आजीने दारातूनच ओळखले.