आई-बापांच्या शाळेचे जोतीराव

पुण्यात फुलांचा व्यवसाय करणाऱ्या गोविंदराव फुले यांनी इतरांच्या सांगण्यावरून मुलाला शाळेतून काढले. तेथे काय शिकवतात, हे पारखण्याचे साधनच त्यांच्यापाशी नव्हते. गफार बेग मुन्शी व लिजिट साहेबांच्या आग्रहामुळे १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. त्यांनी १८४८ पासून काढलेल्या मुलींच्या शाळांची परीक्षा १८५२ मध्ये लोकांसमक्ष झाली. १८५५ मध्ये तर कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठीच रात्रीची शाळा निघाली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी अभ्यासक्रमालाच हात घातला. मोडी, बालबोध, हिशेबांसोबत शेती व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान त्यांनी मागितले. शिक्षकही शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, म्हणजे ते गावकऱ्यांत मिसळून त्यांच्या गरजा ओळखतील, असा त्यांचा आग्रह होता.