हॉर्नबी : पत्र्याची पट्टी ते प्लास्टिकचे इंजिन

आगगाडीच्या प्रतिकृती जमविणाऱ्या शौकिनांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. इंजिन घ्यायचे ते पितळेचे की प्लास्टिकचे? पितळी इंजिन हाताने झाळून, मोजक्याच संख्येने घडविले जाते. ते वजनदार असते आणि किंमत ऐकताच अनेकांचा उत्साह मावळतो. प्लास्टिकचे इंजिन साच्यातून हजारांनी निघते, त्यावरील रिव्हेटसुद्धा मोजता येतात, पण हातात घेताच त्याचा हलकेपणा जाणवतो. या वादात ज्यांचे नाव हटकून निघते ते फ्रँक हॉर्नबी मात्र दोन्ही पक्षांचे नव्हते. त्यांचा धातू म्हणजे साधा पत्रा.

१५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल येथे एका व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वडिलांच्या दुकानात रोखपाल झाले. १८८७ मध्ये क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १८९९ मध्ये वडील वारले, दुकान बंद पडले आणि हॉर्नबी यांना डेव्हिड एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी पत्करावी लागली. अभियांत्रिकीचे कोणतेही शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते.

याच सुमारास आपल्या मुलांसाठी ते घरी पत्रा कापून खेळणी करीत. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागत आणि खेळणे जुने झाले की ते भाग वाया जात. यातून त्यांना सुचले ते असे : पट्ट्यांना अर्ध्या अर्ध्या इंचावर सारखी छिद्रे पाडली आणि त्या नट-बोल्टने जोडल्या, तर आजची क्रेन उद्या मोडून तिचा पूल करता येईल. एकस्वाच्या खर्चासाठी मालक एलियट यांनी त्यांना पाच पौंड उसने दिले. जानेवारी १९०१ मध्ये अर्ज दाखल झाला. लिव्हरपूलमधील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या खेळाची शिफारस केली आणि १९०७ मध्ये त्याला ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले. पट्ट्या पत्र्याच्या असल्या तरी चाके आणि दंतचक्रे पितळेची होती. जिथे झीज व्हायची तिथे पितळ, एरवी पत्रा, हा हिशेबनिसाला शोभणारा हिशेब होता!

आगगाडीकडे ते उशिराच वळले. व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडातील सधन घरांत पितळेची, खऱ्या वाफेवर चालणारी खेळण्यातील इंजिने असत. ती रुळांशिवाय जमिनीवर धावत आणि मागे पाण्याची ओळ सोडीत. त्यानंतर बाजार जर्मन पत्र्याच्या गाड्यांनी भरला. पहिल्या महायुद्धात हा जर्मन माल थांबला आणि १९२० मध्ये हॉर्नबी यांची किल्लीची गाडी बाजारात आली. तिची सुरुवातीची इंजिने मेकॅनोप्रमाणेच नट-बोल्टने जोडलेली होती. मुलाने ती उघडावीत, बिघडलेला भाग बदलावा, ही त्यामागची कल्पना. पुढे १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडीही आली.

१९३१ मध्ये हॉर्नबी एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. २१ सप्टेंबर १९३६ रोजी मॅगल येथे त्यांचे निधन झाले.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. १९३७ मध्ये त्यांच्या कंपनीने ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ या गाजलेल्या इंजिनाची मोठी पत्र्याची प्रतिकृती काढली. किंमत पाच गिनी, म्हणजे हॉर्नबी यांनी एकस्वासाठी उसने घेतले होते त्याहूनही अधिक. पुढल्याच वर्षी आकाराने निम्मी असलेली ‘हॉर्नबी डब्लो’ गाडी ओतीव धातूत आली. मग १९५० च्या नाताळात ‘रोव्हेक्स’ या दुसऱ्याच कंपनीने त्याच ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’चे इंजिन प्लास्टिकमध्ये काढले. ते सामान्य घरांच्या आवाक्यातले होते. ‘रोव्हेक्स’ला १९५१ मध्ये लाइन्स ब्रदर्सने विकत घेतले आणि ‘ट्राय-अँग’ या नावाने प्लास्टिकच्या गाड्या घरोघर पोचल्या. हॉर्नबी यांच्या वारसांनीही प्लास्टिकला हात लावला, पण फार उशिरा. १९६४ मध्ये त्यांची कंपनी लाइन्स ब्रदर्सच्याच ताब्यात गेली. कारखाना हरला, नाव जिंकले. कारण १९७२ पासून प्रतिस्पर्ध्याच्या प्लास्टिकच्या गाड्या नुसत्या ‘हॉर्नबी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या.

धातू टिकाऊ आणि प्लास्टिक तकलादू, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. युद्धपूर्व काळातील जस्ताच्या ओतीव भागांत शिशाची भेसळ राहिली, तर ते वर्षांनुवर्षे तडकत जातात आणि अखेर हातात भुगा होतात. आरंभीच्या प्लास्टिकच्या ‘प्रिन्सेस’ही कालांतराने वेड्यावाकड्या झाल्या. पितळेला हा रोग नाही. म्हणून कपाटात जपून ठेवायचे असेल तर पितळ घ्यावे. पण रोज रुळांवर पळवायचे आणि चुकून टेबलावरून पाडायचेही असेल, तर प्रस्तुत लेखकाच्या मते प्लास्टिकचे घेतलेले बरे. दुरुस्ती न परवडणाऱ्या वस्तूला मूल हात लावीत नाही, आणि हॉर्नबी यांचा सारा उद्योग मुलाने हात लावावा यासाठीच होता.

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील त्यांचा १९१४ मधील कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. त्यांच्या नावाच्या प्लास्टिकच्या इंजिनांच्या पोटात, रुळांवर पकड राहावी म्हणून, धातूचे वजन बसविलेले असते.