दामले, फत्तेलाल आणि आमचा स्पीकर
मे महिन्याच्या सुट्टीत पालीला दोस्ताच्या पडवीत आम्ही दोघांनी प्लायवूडचे स्पीकर बनवले. वायरिंग माझं, पॉलिशपेपर, लांबी, पॉलिश त्याचं. प्रदर्शनाच्या फॉर्मवर मात्र मी एकट्याचंच नाव लिहून आलो.

रात्री विष्णुपंत दामले आठवले. आमच्याच जिल्ह्यातले, जन्म पेणचा, १८९२ चा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांबरोबर खटपट करून १९१८ साली देशी कॅमेरा तयार केला. १९२९ मध्ये ‘प्रभात’चे भागीदार झाले. बोलपट आले तसं ध्वनिमुद्रण शिकले आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चं ध्वनिमुद्रण केलं. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ला दिग्दर्शक म्हणून नावं लागली दोन, दामले आणि त्यांचे मित्र फत्तेलाल. दामले १९४५ साली गेले, पण आजही लोक ‘दामले-फत्तेलाल’ असंच म्हणतात.

सकाळी जाऊन फॉर्म परत मागितला. दुसरं नाव लिहायला जागा होती की राव!