विश्लेषण : खुनाचा ठपका ते ‘लाइफ’ची १०१ मुखपृष्ठे… फोटोग्राफर फिलिप हाल्समन कोण होते?

आइनस्टाइन यांचे दोन फोटो आपल्या मोबाइलवर हमखास येतात. एक जीभ बाहेर काढलेला. दुसरा विस्कटलेले पांढरे केस, साधा स्वेटर आणि थकलेल्या डोळ्यांचा. हा दुसरा फोटो १९४७ मध्ये फिलिप हाल्समन यांनी काढला. १९९९ मध्ये ‘टाइम’ने आइनस्टाइन यांना शतकातील व्यक्ती ठरवले, तेव्हा मुखपृष्ठावर हाच फोटो होता. पण त्याआधी हाल्समन यांच्या सुटकेसाठी खुद्द आइनस्टाइन यांना धावपळ करावी लागली होती.

इंजिनीअरिंगचा विद्यार्थी तुरुंगात कसा गेला?

हाल्समन यांचा जन्म १९०६ मध्ये रिगा (आताचा लाटविया) येथील ज्यू कुटुंबात झाला. ते जर्मनीतील ड्रेस्डेनमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकत होते. सप्टेंबर १९२८ मध्ये ऑस्ट्रियातील टिरोलच्या डोंगरांत भटकंती करताना त्यांचे वडील डोक्याला गंभीर जखमा होऊन मरण पावले. प्रत्यक्षदर्शी कोणी नव्हता. तरीही ज्यूद्वेषाने भारलेल्या वातावरणात मुलावरच खुनाचा आरोप ठेवून १० वर्षांची शिक्षा झाली. फेरसुनावणीत ती ४ वर्षांवर आली. बहिणीने मोहीम उभारली. आइनस्टाइन, थॉमस मान अशी मंडळी पाठीशी राहिली. १९३० मध्ये सुटका झाली, पण देश सोडण्याच्या अटीवर.

फोटोग्राफी पोटापाण्याचा व्यवसाय कशी झाली?

पॅरिसमध्ये त्यांनी स्टुडिओ थाटला आणि फॅशन व पोर्ट्रेटमध्ये नाव कमावले. इंजिनीअरिंगही वाया गेले नाही. त्यांनी दोन भिंगांचा कॅमेरा स्वतः डिझाइन केला. एका भिंगातून चेहरा न्याहाळायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्यातून टिपायचा. १९४० मध्ये नाझी फौजा आल्या. कुटुंब अमेरिकेला पोहोचले, मात्र लाटवियाचा पासपोर्ट असलेल्या हाल्समन यांना व्हिसा मिळेना. तो आइनस्टाइन यांच्या मदतीने मिळाला.

अमेरिकेत नाव कशामुळे झाले?

न्यूयॉर्कमध्ये पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागली. अमेरिकी झेंड्याच्या पार्श्वभूमीवर टिपलेला मॉडेलचा फोटो एलिझाबेथ आर्डेन कंपनीने लिपस्टिकच्या जाहिरातीसाठी घेतला आणि कामाचा ओघ सुरू झाला. ‘लाइफ’ची तब्बल १०१ मुखपृष्ठे त्यांच्या नावावर आहेत.

१९४८ चा ‘दाली अ‍ॅटॉमिकस’ आजही थक्क करतो. चित्रकार साल्व्हादोर दाली, ३ मांजरे आणि पाण्याचा फवारा, सगळे हवेत! फोटोशॉप नव्हते, मनासारखी फ्रेम मिळेपर्यंत २८ वेळा मांजरे आणि पाणी फेकावे लागले.

ते सेलिब्रिटींना उड्या का मारायला लावत?

उडी मारताना सगळे लक्ष उडीकडे जाते आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळून पडतो, असा त्यांचा सिद्धांत होता. मर्लिन मन्रो, रिचर्ड निक्सन यांच्यासह अनेकांनी त्यांच्यासमोर उडी मारली. १९५९ मध्ये या फोटोंचे पुस्तक आले.

आइनस्टाइन यांना मात्र उडी मारायला लावले नव्हते. हाल्समन यांनी पुढे सांगितल्यानुसार, त्या दिवशी आइनस्टाइन अणुबॉम्बबद्दलची खंत बोलून दाखवत होते. तीच त्या डोळ्यांत उतरली.

हाल्समन १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. हजारो चेहरे त्यांनी बोलते केले. टिरोलच्या डोंगरात त्या दिवशी नेमके काय घडले, हे मात्र कधीच निर्विवाद स्पष्ट झाले नाही.