शारदेचा पुत्र इब्राहीम

आज विजयादशमी. घरोघरी पाटीवर शारदा रेखाटून मुलांच्या हातून तिचे पूजन होईल. आम्हां कीर्तनकारांचे तर गणेश-शारदेच्या वंदनावाचून पाऊलच पुढे पडत नाही. आमच्याच जिल्ह्यातील नेवासे क्षेत्री शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला, तोही या दोन दैवतांना नमूनच. याच दैवतांना ज्याने मातापिता मानले, त्या विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाचे आज स्मरण करावे, असे आमच्या मनात आहे. परधर्मीयाची कथा सणाच्या दिवशी कशाला, असे कोणी म्हणेल. शारदेला जो आई म्हणाला, त्याचे नाव कोणत्या भाषेतले हे पाहून आम्ही त्यास वगळू इच्छीत नाही.

तरी नावाचा अर्थ पाहण्याजोगा आहे. इब्राहीम हे हिब्रू अव्राहामचे अरबी रूप. ‘अव’ म्हणजे पिता. यहुद्यांच्या धर्मग्रंथात कथा आहे, की अव्राम नामक वृद्धास ईश्वराने हे नवे नाव दिले, कारण तो अनेक राष्ट्रांचा पिता होणार होता. कोकणातील बेने इस्रायल घरांत याच नावाचे आबाजी झाले. कित्येक उत्साही मंडळी या नावाचा ब्रह्माशी संबंध जोडतात. पण ब्रह्म शब्द ‘बृह्’ धातूपासूनचा, आणि हिब्रूचे कुळच वेगळे. केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

या इब्राहीमास आजोबांचे नाव मिळाले होते. निपुत्रिक चुलता अली आदिलशहा १५८० मध्ये मारला गेला, तेव्हा सुमारे नऊ वर्षांचा हा बालक गादीवर आला. राज्य सांभाळले चुलती चांदबिबीने. ती नगरच्या हुसेन निजामशहाची कन्या. पुढे १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढविणारी, आणि १६०० मध्ये त्याच किल्ल्यात स्वकीयांच्या हातून मृत्यू पावलेली.

इब्राहीम मोठा झाला तो गायन-वादनात रमणारा. आपल्या तंबोऱ्यास त्याने मोतीखान असे नाव दिले होते. साहित्यशास्त्रातील नवरसांचे त्यास असे वेड, की १५९९ मध्ये वसविलेल्या नगरीस नवरसपूर म्हटले आणि दखनी भाषेतील आपल्या पदसंग्रहास किताब-ए-नवरस. रागवार रचलेल्या त्या पदांत गणपतीस पिता आणि सरस्वतीस माता म्हटले आहे. पितृत्वाचे नाव धारण करणाऱ्याने पुत्रपण पत्करावे, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. लोक त्यास जगद्गुरू म्हणत. त्याने स्वधर्म मात्र सोडला नाही.

त्याच्या वैभवास धक्का बसला तो नगरजवळच. १६२४ मध्ये भातवडी येथे मलिक अंबरने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. अंबरच्या बाजूने शहाजीराजे व त्यांचे बंधू शरीफजी लढत होते. शरीफजी तेथेच पडले. नगरच्या शाह शरीफ पिराला मालोजीराजांनी केलेल्या नवसावरून या दोघा भावांची नावे ठेवली, अशी कथा सांगतात. भातवडीनंतर अंबरने विजापुराकडे धाव घेऊन नवरसपूर उद्ध्वस्त केले. तीन वर्षांनी, १६२७ मध्ये, इब्राहीम निवर्तला. विजापुरी इब्राहीम रोजात, कुराणातील वचने कोरलेल्या भिंतींआड, त्याची कबर आहे. त्याची शारदास्तवने मात्र हस्तलिखितांतून टिकून राहिली.