राजभोजांनी काँग्रेसवर विश्वास ठेवून पाहिला होता

निवडणूक जवळ आली की आमच्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. आंबेडकरी समाज काँग्रेसकडे संशयानं का बघतो? हिंदू महासभा आणि जनसंघाच्या परंपरेवर आमचा विश्वास नाही, हे लोकांना समजतं. पण काँग्रेसनं राखीव जागा मान्य केल्या, बाबासाहेबांना मंत्रिमंडळात घेतलं, मग दुरावा कशाचा, असं म्हटलं जातं. बाबासाहेबांचा जुना राग आम्ही डोक्यावर घेऊन फिरतो, असंही सुनावलं जातं. या प्रश्नाचं उत्तर आज आम्ही दुसऱ्याच एका माणसाच्या आयुष्यातून देणार आहोत. तो माणूस म्हणजे पुण्याचे पांडुरंग नथुजी राजभोज. त्यांची सुरुवात अविश्वासानं झालेली नव्हती.

राजभोजांचा जन्म 1905 सालचा, नाशिक जिल्ह्यातला. चर्मकार समाजात जन्मलेला हा तरुण पुण्याच्या सार्वजनिक जीवनात पुढे आला तो पर्वतीच्या सत्याग्रहातून. 13 ऑक्टोबर 1929 रोजी शिवराम जानबा कांबळे, राजभोज आणि त्यांचे सहकारी पर्वतीच्या देवळात प्रवेश मागायला निघाले. एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे सवर्ण तरुणही बरोबर होते, हे विसरून चालणार नाही. वर दगडधोंड्यांनी स्वागत झालं. राजभोज जखमी झाले. देवळाचा दरवाजा उघडला नाही. पुढच्याच वर्षी नाशिकच्या काळाराम सत्याग्रहातही ते पुढच्या फळीत होते.

एवढं सोसलेला माणूस 1932 साली कोणत्या बाजूला होता? ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरं मतही मिळालं. या निवाड्याविरुद्ध गांधीजींनी 20 सप्टेंबरला येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं. राजभोजांचा कल तेव्हा संयुक्त मतदारसंघाकडे होता. हिंदू समाज बदलेल आणि काँग्रेस त्याला बदलायला लावेल, असं मानणाऱ्या अस्पृश्य पुढाऱ्यांमध्ये ते होते. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यावर बाबासाहेबांची सही आहे आणि राजभोजांचीही आहे. बाबासाहेबांनी सही केली ती गांधीजींच्या प्राणांचं ओझं समाजाच्या माथी नको म्हणून. राजभोजांच्या सहीमागे विश्वास होता.

त्या करारात नेमकं काय होतं, हे आमच्या अनेक तरुणांना ठाऊक नसतं. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा वाढून 148 झाल्या. पण दुसरं मत गेलं आणि निवडणूक दोन टप्प्यांची झाली. पहिल्या टप्प्यात फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांचं पॅनेल निवडायचं. दुसऱ्या टप्प्यात त्या चौघांपैकी एकाला सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचं. म्हणजे आमच्या लोकांनी ज्याला पहिला क्रमांक दिला तो पडू शकत होता आणि ज्याला चौथा क्रमांक दिला तो निवडून येऊ शकत होता. बहुतेक मतदारसंघांत सवर्ण मतदारांची संख्या कितीतरी जास्त. जागा आमच्या नावाची राहिली, तरी तिच्यावर कोण बसेल हे ठरवणारे हात दुसऱ्यांचे होते.

करारानंतरच्या दहा वर्षांत विश्वासाची परीक्षा झाली. मध्यवर्ती कायदेमंडळात मंदिर प्रवेशाचं विधेयक आलं. पर्वतीवर दगड खाल्लेल्या माणसासाठी याहून जवळचा प्रश्न कोणता असणार? पण 1934 मध्ये मध्यवर्ती निवडणुका तोंडावर आल्या, काँग्रेसनं पाठिंबा आवरता घेतला आणि विधेयक मागे पडलं. 1937 मध्ये मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसनं उभं केलं ते बाळू पालवणकरांना. पालवणकर थोर क्रिकेटपटू, स्वतः जातीचे चटके सोसलेले आणि राजभोजांप्रमाणेच चर्मकार समाजातले. आमच्यातल्याच एका गुणी माणसाला आमच्याच नेत्यासमोर उभं करायचं, ही रीत तेव्हापासूनची आहे. त्या निवडणुकीत पालवणकर हरले, पण रीत टिकली.

जुलै 1942 मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. तिचे सरचिटणीस झाले पां. ना. राजभोज. येरवड्यात संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं उभा असलेला माणूस दहा वर्षांनी स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्या संघटनेचा कारभार सांभाळू लागला. हा बदल आम्हाला बाबासाहेबांच्या कोणत्याही टीकेइतकाच बोलका वाटतो.

1946 च्या निवडणुकीत कराराचं गणित उघडं पडलं. पहिल्या टप्प्यात, जिथे फक्त आमचे लोक मत देत होते, तिथे फेडरेशननं काँग्रेसला अनेक ठिकाणी जोरदार टक्कर दिली. दुसऱ्या टप्प्यात फेडरेशन जवळजवळ पुसली गेली. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीवर पाठवण्याइतकंही बळ उरलं नाही. ते गेले बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीनं. इकडे ब्रिटिश सत्ता सोडायच्या वाटाघाटी करत होते आणि निवडणुकीचा निकाल दाखवून अस्पृश्यांचं वेगळं म्हणणं बाजूला सारलं जात होतं. म्हणून जुलै 1946 मध्ये पुण्यात कायदेमंडळाचं अधिवेशन भरलं तेव्हा फेडरेशननं सत्याग्रह केला. गावागावांतून आलेली माणसं पुण्यात तुरुंगात गेली. पुणे करार रद्द करा, ही मागणी पुण्याच्याच रस्त्यावर झाली.

त्याच जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिलं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. तिथल्या मतदारांची कहाणीही आमच्यासारखीच आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून ते कित्येक वर्षं रिपब्लिकन पक्षाबरोबर होते. पण 1964 साली त्या पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार नागरी हक्क कायद्याच्या विरोधात उभा राहिला आणि दुरावा पक्का झाला. तिथेही आधी विश्वास होता. तो अनुभवानं गेला.

1952 ची पहिली लोकसभा निवडणूक. उत्तर मुंबईत बाबासाहेबांना काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी सुमारे 14 हजार मतांनी हरवलं. त्याच निवडणुकीत राजभोज सोलापूरच्या राखीव जागेवरून फेडरेशनचे खासदार झाले. देशभरात फेडरेशनला मिळालेल्या दोन जागांपैकी ती एक. त्याआधी, 1950 मध्ये, बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब श्रीलंकेला गेले तेव्हाही राजभोज त्यांच्याबरोबर होते. धम्माच्या वाटेवरच्या पहिल्या सोबत्यांमध्ये त्यांचं नाव घ्यावं लागेल.

आणि तरीही पुढे ते फेडरेशनपासून दूर झाले, काँग्रेसमध्ये गेले. 1957 ते 1962 या काळात ते काँग्रेसतर्फे राज्यसभेत होते. इथे आमच्यातले अनेकजण त्यांचं पान मिटतात. गद्दार हा शब्द चळवळीत फार स्वस्त झाला आहे. आम्ही तो वापरणार नाही. पर्वतीवर जखमी झालेला माणूस तोच होता, 1942 मध्ये फेडरेशन उभी करणारा तोच होता आणि काँग्रेसच्या बाकावर बसलेलाही तोच होता. त्याची धडपड खोटी नव्हती. पण 1932 साली ज्या व्यवस्थेवर त्यानं सही केली तिची ओढ इतकी जबर होती की, ती ओळखूनही तो तिच्यातून सुटू शकला नाही. ज्या समाजाची मतं एकट्यानं कुणाला निवडून आणू शकत नाहीत, त्या समाजाच्या नेत्याला मोठ्या पक्षाचं दार कायम खुणावत राहतं.

म्हणून आमचा अविश्वास माणसांवर नाही. काँग्रेसमध्ये चांगली माणसं होती आणि आहेत. 1947 साली बाबासाहेबांना घटना समितीत पुन्हा आणलं ते काँग्रेसनंच, हेही खरं आहे. अविश्वास आहे तो आमच्या नावाच्या जागेवर दुसऱ्याच्या मर्जीतला माणूस बसवणाऱ्या पद्धतीवर. ही पद्धत आज एकट्या काँग्रेसची राहिलेली नाही. राखीव जागांवर प्रत्येक मोठा पक्ष तेच करतो, भाजप तर अधिक सफाईनं करतो. निळा गमछा गळ्यात घालून आलेला उमेदवार वस्तीत येतो तेव्हा त्याची जात विचारून काही कळत नाही. त्याचं नाव वस्तीतल्या बैठकीत ठरलं की पक्षाच्या कार्यालयात, आणि निवडून आल्यावर वस्ती आणि पक्ष यांच्यात वाद झाला तर तो कुणाच्या बाजूनं बोलेल, हे त्याला सगळ्यांसमोर विचारायला हवं. राजभोजांची तीस वर्षं आम्हाला एवढं शिकवतात. आपल्या प्रभागातल्या पुढच्या सभेत हा प्रश्न विचारायची जबाबदारी तरुणांनी घ्यावी.

जय भीम.