ज्या देशाने गुलाम बनवलं, त्याच देशाचा संत झाला. आज त्याच्या नावाने लोक अनवाणी डोंगर चढतात

१७ मार्च आला की सोशल मीडियाचं फीड हिरवंगार होतं. हिरव्या टोप्या, हिरवे झेंडे, तीन पानांचं शॅमरॉक. शिकागोत तर अख्खी नदी हिरवी रंगवतात. हा सगळा जल्लोष ज्याच्या नावाने चालतो तो माणूस म्हणजे सेंट पॅट्रिक, आयर्लंडचा संत. त्याने आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले, ही गोष्टही अनेकांनी ऐकलेली असते.

पण पॅट्रिकची खरी आठवण बघायची असेल तर मार्चमधली परेड सोडा आणि जुलैचा शेवटचा रविवार गाठा. त्या दिवशी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो काउंटीत हजारो लोक एक डोंगर चढत असतात. हातात काठी, वरून पाऊस आणि काहींच्या पायात चप्पलसुद्धा नसते.

त्या डोंगराचं नाव क्रोक पॅट्रिक.

उंची ७६४ मीटर. आयर्लंडमधला हा सर्वात उंच डोंगर नाही, तो मान १०३८ मीटरच्या कॅरनटूहिलला जातो. पण क्रोक पॅट्रिकचा पायथा जवळपास समुद्रसपाटीलाच असल्यामुळे हे सगळे ७६४ मीटर पायांनीच चुकवावे लागतात. लांबून बघितलं तर गवताची गंजी रचून ठेवावी तसा टोकदार सुळका दिसतो. आयरिश भाषेत क्रोक म्हणजे गंजीच. स्थानिक लोक त्याला नुसतं रीक म्हणतात, त्याचा अर्थही तोच.

आता या डोंगराला पॅट्रिकचं नाव का मिळालं, हे समजून घ्यायचं तर आधी त्याची स्टोरी बघायला लागते.

पॅट्रिक मूळचा आयरिश नव्हताच.

तो जन्मला रोमन संस्कृतीत वाढलेल्या ब्रिटनमधल्या एका खात्यापित्या घरात. वडील कॅल्पर्नियस चर्चमध्ये डीकन होते आणि गावच्या कारभारातही त्यांचं वजन होतं. आजोबा पोटिटस धर्मगुरू होते. घरात नोकरचाकर होते, जमीन होती. पोराला मात्र देवाधर्मात फारसा रस नव्हता. काळ साधारण ५ व्या शतकाचा. रोमन फौजा ब्रिटन सोडून गेलेल्या आणि किनाऱ्यावर आयर्लंडच्या लुटारूंचे छापे पडत होते. हे लुटारू सोनंनाणं तर न्यायचेच, माणसंही पळवायचे.

अशाच एका छाप्यात पॅट्रिक सापडला. वय जेमतेम १६.

आयर्लंडमध्ये त्याला गुलाम म्हणून मेंढ्या राखायला लावलं. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, अंगावर धड कपडे नाहीत. थंडी, बर्फ, पाऊस सगळं उघड्यावर सोसायचं. हे एकदोन महिने नाही, तर तब्बल ६ वर्षं चाललं.

याच काळात त्याच्यात बदल झाला. घरी असताना ज्या देवाकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याची तो दिवसाला शंभर शंभर वेळा प्रार्थना करू लागला. पहाट व्हायच्या आधी उठून, बर्फात उभं राहून. बोलायला दुसरं होतंच कोण?

मग एका रात्री त्याला स्वप्न पडलं. तुझं जहाज तयार आहे, असं सांगणारं. पॅट्रिक पळाला. जहाज जवळ कुठे नव्हतं, सुमारे २०० मैल लांब होतं. पळून जाणारा गुलाम सापडला तर त्याचं काय होईल हे सांगायला नको. तरीही तो चालत चालत किनाऱ्याला पोहोचला. तिथे जहाजाच्या कप्तानाने आधी त्याला हाकलून लावलं, मग मन बदललं आणि चढू दिलं. ३ दिवस समुद्र, त्यानंतर ओसाड मुलखातून २८ दिवसांची उपाशी पायपीट. पुढे बऱ्याच हालअपेष्टा काढून काही वर्षांनी तो एकदाचा घरी पोहोचला.

घरच्यांनी गळ्यात पडून एकच विनवणी केली, आता कुठे जाऊ नकोस.

इथे गोष्ट संपली असती तर पॅट्रिकचं नाव आज कुणालाच माहीत नसतं.

पण त्याला पुन्हा एक स्वप्न पडलं. व्हिक्टोरिकस नावाचा माणूस पत्रांचा गठ्ठा घेऊन आलाय आणि पश्चिम समुद्राजवळच्या फोक्लुटच्या जंगलातली माणसं त्याला परत बोलावतायत. हे जंगल जुन्या आयरिश परंपरेनुसार मेयोच्या उत्तर भागात होतं. म्हणजे हाक आली ती थेट गुलामीच्या मुलखातून.

आणि तो गेला. धर्माचं शिक्षण घेऊन, बिशप होऊन गेला.

आयर्लंडमध्ये ख्रिस्ती लोक त्याच्या आधीही थोडेफार होते. पण पॅट्रिक चर्च पोहोचलं नव्हतं अशा भागांत फिरला. त्याने हजारो लोकांना बाप्तिस्मा दिला आणि त्याबद्दल कुणाकडून पैसा घेतला नाही. श्रद्धाळू बायका दागिने काढून वेदीवर ठेवायच्या, तो ते परत करायचा. त्यावरून लोक नाराज व्हायचे, पण उद्या कुणी बोट दाखवायला नको हा त्याचा हिशोब. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना मात्र तिथल्या राजांना स्वतःच भेटी द्याव्या लागायच्या. एकदा तर त्याला पकडून १४ दिवस बेड्यांत ठेवलं होतं.

हे सगळं आपल्याला कळतं कारण पॅट्रिकने स्वतः लिहून ठेवलंय. त्याचे दोन लॅटिन मजकूर आजही उपलब्ध आहेत. एक म्हणजे कन्फेशिओ, त्याचं आत्मकथन. आपलं शिक्षण अर्धवट राहिलं, आपली लॅटिन गावठी आहे, याची खंत त्याने त्यात मोकळेपणाने मांडली आहे. शाळेच्या वयात मेंढ्या राखल्यावर दुसरं काय होणार!

दुसरा मजकूर म्हणजे एक पत्र, आणि ते जास्त जळजळीत आहे.

झालं असं की कोरोटिकस नावाच्या एका सरदाराच्या सैनिकांनी पॅट्रिकच्या माणसांवर हल्ला केला. आदल्याच दिवशी त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, अंगावर अजून पांढरे कपडे होते. काहींना कापून काढलं, बाकीच्यांना गुलाम म्हणून विकलं. हल्लेखोर स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते. पॅट्रिकने माणसं परत मागायला निरोप्या पाठवला, तर त्यांनी त्याला हसण्यावारी नेलं. तेव्हा पॅट्रिकने जाहीर पत्र लिहून सांगितलं की पकडलेली माणसं सोडून पश्चात्ताप करेपर्यंत यांच्यासोबत कुणी जेवायचंही नाही.

गुलामांचा व्यापार तेव्हा जगरहाटी होती. त्याविरुद्ध असा आवाज उठवणारा माणूस स्वतः विकला गेलेला होता, म्हणून त्या पत्राला धार आहे.

आता मुद्द्याचं. या दोन्ही मजकुरांत साप नाहीत. शॅमरॉक नाही. क्रोक पॅट्रिकचं नावसुद्धा नाही.

मग डोंगर आला कुठून?

पॅट्रिकनंतर साधारण दोनशे वर्षांनी, ७ व्या शतकात तिरेखान नावाच्या बिशपने त्याचं चरित्र लिहिलं. त्यात पॅट्रिकने या डोंगरावर ४० दिवस उपास केल्याची गोष्ट येते. परंपरा त्याचं साल ४४१ सांगते. तिरेखानच्या गोष्टीत पॅट्रिकला पक्षी घेरतात. साप त्यानंतर बऱ्याच काळाने आले. खरं तर हिमयुगानंतर साप पोहोचण्याआधीच आयर्लंड समुद्राने वेगळं झालं होतं, त्यामुळे हाकलायला तिथे साप नव्हतेच. शॅमरॉकची गोष्ट तर थेट १८ व्या शतकात कागदावर आली.

डोंगराचं मोठेपण मात्र पॅट्रिकपेक्षाही जुनं असावं. त्याचं आधीचं नाव क्रुआखान आयग्ले. जुलैअखेरचा मुहूर्त लूनासा या सुगीच्या जुन्या सणाशी जुळतो. म्हणजे आधी डोंगर, मग संत.

यात्राही जुनी आहे. १११३ साली माथ्यावर उपास करणाऱ्या ३० जणांचा वीज पडून मृत्यू झाल्याची नोंद आयरिश बखरींत सापडते. १९७० च्या दशकापर्यंत लोक ही चढाई रात्री उजेड हातात धरून करायचे. माथ्यावरचं आजचं चॅपल १९०५ सालचं आहे.

चढाई सुरू होते मरिस्क गावातून, पॅट्रिकच्या पांढऱ्या पुतळ्याजवळून. ओढ्याकाठाने दगडी वाट खिंडीपर्यंत नेते. तिथे पॅट्रिकचा शिष्य बेनानच्या नावाचा दगडांचा ढीग आहे, भाविक त्याला प्रार्थना म्हणत ७ फेऱ्या मारतात. खरी परीक्षा त्यानंतर. शेवटचा सुळका म्हणजे नुसता घसारा. क्वार्टझाइटचे सुटे दगड, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. उतरताना हाल आणखी वाढतात. रीक संडेला रेस्क्यू टीम तैनात असते ती उगाच नाही. पावलांनी वाट इतकी झिजली की अलीकडे तिथलेच दगड हाताने रचून ती दुरुस्त करावी लागली.

१९८० च्या दशकात याच डोंगरात सोनं सापडलं होतं. लोकांनी विरोध केला आणि खाण झाली नाही.

माथ्यावर पोहोचल्यावर ढग नसतील तर खाली क्लू बे दिसतो. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक बेट, म्हणजे ३६५ बेटं तिथे आहेत असं स्थानिक लोक सांगतात. चॅपलशेजारी पॅट्रिकचं अंथरूण म्हणून एक जागा दाखवतात.

तो खरंच इथे झोपला का, याचा पुरावा कुणी मागत नाही. पण थंडीपावसात उघड्यावर राहिलेला, २०० मैल चालून सुटका करून घेतलेला आणि तरीही त्याच माणसांसाठी परत आलेला एक पोरगा होता, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. सापांची गोष्ट काढून टाकली तरी त्यातलं काही कमी होत नाही. घसाऱ्यावर अनवाणी पाय ठेवणाऱ्याला हिरव्या टोपीपेक्षा तो पोरगाच जास्त जवळचा वाटत असणार.